तारनाक्यातली गोदी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेलं जहाजाचं मॉडेल माळ्यावरून खाली काढताना मनात एक भाबडी समजूत असते, की ठेवलं होतं तसंच ते मिळेल. खोकं उघडलं की ही समजूत फार वेळ टिकत नाही. जुन्या लाकडी किटमधल्या तोफा, नांगर आणि सजावटीचे बारीक भाग बहुधा शिशाच्या मिश्रधातूचे ओतीव असत. बंद खोक्यात लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ अगदी मंद गतीने सुटत राहते. ती शिशाला खाते आणि तोफांवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे शिशाचं कार्बोनेट. ते विषारी असतं, फुंकर मारून उडवायचं नसतं. अमेरिकी नौदलाच्या जहाज-प्रतिकृतींचे अभिरक्षक राहिलेले डेना वेग्नर यांनी या रोगाचा तपशीलवार अभ्यास मांडला आहे. त्यातली विचित्र गोष्ट अशी, की काळजीपूर्वक बंद काचपेटीत जपलेली मॉडेलंच त्याला अधिक बळी पडतात. वारा लागणाऱ्या फळीवर धूळ खात पडलेलं मॉडेल त्या मानाने बचावतं. बाकीच्या सामानाचीही तीच गत. सायनोॲक्रिलेटचा चिकटा, म्हणजे घरोघरचं फेविक्विक, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे उघडलेल्या नळीचा दगड झालेला असतो. सुती दोरा ताणला की तुटतो. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं पिवळी पडून तडकलेली असतात. आणि हैदराबादसारख्या ठिकाणी मे महिना लाकूड सुकवतो, ऑगस्ट ते फुगवतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. म्हणून जहाजाचा कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, तेवढाच राहतो, आणि त्याच्या अंगावर बसवलेल्या फळ्यांमध्ये फटी पडतात.

हे सगळं सांगायचं कारण असं, की खंड म्हणजे रिकामी जागा नव्हे. त्या काळात वस्तूवर काम चालूच असतं, आणि माणसावरही. माणसाच्या बाबतीत काय उरतं आणि काय जातं, याचा पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये दाखवून दिलं, की विसरलेली गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे आठवत नाही असं वाटतं तेव्हाही काही तरी शिल्लक असतं. फ्लेशमन आणि पार्कर यांनी १९६२ मध्ये विमान हाकण्यासारखं हात-डोळ्यांचं काम शिकवून काही जणांना तब्बल दोन वर्षांपर्यंत सराव करू दिला नाही. कौशल्यात घट जवळपास दिसलीच नाही. ब्रेंडा मिल्नर यांचा सुप्रसिद्ध रुग्ण एच. एम. याला कालची भेट आठवत नसे, तरी आरशात बघून तारा गिरवण्याचा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. याउलट क्रमाने करायच्या कामांची स्मृती फार लवकर विरते. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं काही महिन्यांतच त्यातल्या पायऱ्या विसरू लागतात. दोन वर्षांचा प्रयोग पंचवीस वर्षांना लावता येत नाही, हे मान्य. पण दिशा तरी कळते. पटाशीचा दाब, फळीला वाफ देऊन वाक आणताना ती कुठे ‘बोलते’ याची जाण, दोऱ्याची गाठ, हे परत येतं. कोणत्या फळीआधी कोणती फळी, डोलकाठी बसवण्याआधी कोणती भोकं पाडून ठेवायची, हे येत नाही. म्हणून ज्यांना पूर्वीचंच मॉडेल तिथूनच पुढे न्यायचं असतं ते नेमके जिथे स्मृती सगळ्यात कच्ची तिथे सुरुवात करतात आणि महिन्याभरात पुन्हा खोकं बंद करतात.

माझं म्हणणं यापुढचं आहे. दीर्घ खंडानंतर जहाजाच्या मॉडेलकडे परतणाऱ्याने त्याच कामाकडे परतू नये. पंधराव्या वर्षी जे केलं ते सूचनापत्रकाचं पालन होतं, आणि त्या वयात ते योग्यच होतं. पंचेचाळिसाव्या किंवा साठाव्या वर्षी हात किंचित मंद, दृष्टी निश्चितच कमी, पण पुरावा तोलण्याची सवय कितीतरी पटीने अधिक असते. या वयात सूचनापत्रक पाळत बसणं म्हणजे जे कमी झालं त्याच्यावर भिस्त ठेवणं आणि जे वाढलं ते वाया घालवणं. या माणसाने ज्या जहाजाचा आराखडा कोणी तयार करून दिलेला नाही, असं जहाज निवडावं.

आपल्याकडे हा छंद मुळात कुठून सुरू होतो ते पाहिलं तर हे अधिक पटेल. इंग्लंडात १९५२ मध्ये एअरफिक्सने ‘गोल्डन हाइंड’चं प्लॅस्टिकचं छोटं किट काढलं आणि पोरांच्या खिशाला परवडणारी जहाजं दुकानात आली, १९७१ मध्ये जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० प्रमाणातली, पाण्याच्या रेषेपासून वरचीच जहाजं दाखवणारी मालिका सुरू केली. भारतातल्या मध्यमवर्गीय मुलाला हे दुरूनच माहीत. त्याच्यासाठी खरी वाट होती एनसीसीच्या नौदल शाखेची. तिच्या अभ्यासक्रमात जहाजाचं मॉडेल बनवणं आहे, आणि नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही असते. आराखडा समोर, प्रमाण ठरलेलं, परीक्षक पट्टी घेऊन उभा. यातून शिस्त उत्तम येते. पण बी किंवा सी प्रमाणपत्र मिळालं, कॉलेज संपलं की मॉडेलचंही काम संपतं, कारण ते का करायचं हा प्रश्न त्या वयात कोणी विचारलेलाच नसतो. हा छंद सुटतो तो बहुतेकदा कंटाळ्याने नव्हे, कारण संपल्यामुळे. परतताना नवं कारण शोधलं नाही तर तो पुन्हा सुटणार.

तारनाका हे अशा परतणाऱ्याचं गाव का मानायचं, याला उत्तर आहे. सिकंदराबाद आणि हैदराबाद यांच्या सांध्यावरची ही वस्ती प्रयोगशाळांच्या आणि रेल्वेच्या शेजारात वाढली. एका बाजूला १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, त्याला लागून राष्ट्रीय पोषण संस्था. उप्पल रस्त्याने पुढे गेलं की निजामी राजवटीत १९४४ मध्ये सुरू झालेली आणि आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा, मग भूभौतिकी संस्था, मग पेशी-रेणू जीवशास्त्राचं केंद्र. इथेच रेल्वेची सिग्नल आणि दूरसंचार अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था १९५७ पासून आहे, आणि लालागुड्याचा रेल्वे कारखाना हाकेच्या अंतरावर. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे सुरू झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्यातच होता, १९७७ पर्यंत. नांदेड विभाग आजही सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली येतो. काचीगुडा आणि सुलतान बाजार ही हैदराबादी मराठी माणसाची जुनी घरं, पण नोकरीने त्याला या बाजूलाही आणलं. मोजमाप, चाचणी, नोंदवही यांच्यात हयात गेलेली माणसं एका रेल्वे-पुलाच्या परिसरात इतकी दाट क्वचित असतील. जहाजाचं मॉडेल ज्या वृत्तीची मागणी करतं ती इथे पगारी नोकरीतच अंगवळणी पडलेली असते.

पण समुद्र कुठे आहे? हा आक्षेप पहिला येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मालवणला राहणारा माणूस गलबताची नाळ रोज बघतो, तारनाक्याच्या माणसाला मेट्रोचे खांब दिसतात. तरीही समुद्र नसलेलं शहर हे हैदराबादचं अर्धवट वर्णन आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर होतं मच्छलीपट्टण, आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला सतराव्या शतकात इतकी चांगली जहाजं बांधली जात की युरोपीय कंपन्याही तिथे बांधून आणि डागडुजी करून घेत. किनारा राज्याच्या हातून गेला, तो अठराव्या शतकात. आणि नौकेचा तोल म्हणजे काय, याचा धडा या शहराला भर वस्तीत मिळालेला आहे. १० मार्च १९९० रोजी हुसेनसागरात बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, माणसं बुडाली आणि शेकडो टनांची मूर्ती तळाशी गेली. ती वर काढून जागेवर बसवायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. उंच, जड वस्तू उथळ तराफ्यावर उभी केली की गुरुत्वमध्य कुठे जातो, हे जहाजबांधणीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण. त्याच तळ्यात आज शिडाच्या नौकांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. आणि समुद्रापासून दूर राहण्याचा एक फायदाही आहे. किनाऱ्यावरचा माणूस ओळखीच्या होडीवरून जुन्या जहाजाची कल्पना करतो आणि आजची होडी नकळत तीनशे वर्षं मागे ढकलतो. इथल्या माणसाला तो मोह कमी. त्याला प्रत्येक वाक कागदावर सिद्ध करावा लागतो.

मग कोणतं जहाज? हैदराबादच्या इतिहासाला चिकटलेली निदान दोन आहेत, आणि मराठी माणसाचं स्वतःचं तिसरं. पहिल्याचं नावच ‘निजाम’. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत १९४० च्या जुलैमध्ये ही विनाशिका पाण्यात उतरली, १९४१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झाली, आणि तिच्यासाठी पैसा दिला होता सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने. समुद्र नसलेल्या संस्थानाच्या नावाची युद्धनौका क्रीटच्या माघारीत आणि टोब्रुकच्या रसद-फेऱ्यांत होती, हे आज हैदराबादेत फार थोड्यांना ठाऊक असेल. लांबी सुमारे १०८.७ मीटर. १:७०० प्रमाणात ती साडेपंधरा सेंटिमीटर भरते, आणि तिच्यावरचा १.७ मीटर उंचीचा खलाशी २.४ मिलिमीटरचा, मीटरभर उंचीचा कठडा दीड मिलिमीटरही नाही. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हे प्रमाण म्हणजे शिक्षा आहे. १:९६ घेतलं तर जहाज सुमारे १.१३ मीटरचं आणि खलाशी १८ मिलिमीटरचा. डोळ्यांची तक्रार इथे बरीचशी मिटते. उरलेली घड्याळजीच्या भिंगाने आणि चांगल्या दिव्याने. आणखी एक हिशेब या प्रमाणात गंमतशीर निघतो. वजन घनाच्या पटीत घटतं. म्हणून सुमारे १,७०० टनांच्या ‘निजाम’चं १:९६ मॉडेल आपल्या पाण्याच्या रेषेवर तरंगायचं तर त्याचं एकूण वजन दोन किलोच्या आतच राहिलं पाहिजे. मीटरभर लांबीच्या वस्तूत लाकूड, मोटर, बॅटरी आणि वरचा सगळा पसारा धरून एवढंच. वरचा पसारा जरा जड झाला की हुसेनसागरातला धडा घरच्या पिंपात पुन्हा मिळतो.

‘निजाम’चा पुरावा विपुल आहे. तिच्या वर्गातल्या नौकांचे आराखडे आहेत, ऑस्ट्रेलियन संग्रहांत छायाचित्रं आहेत. प्रश्न एवढाच, की कोणत्या महिन्यातली ‘निजाम’? विमानविरोधी तोफा, रडार, रंगाचे पट्टे युद्धभर बदलत राहिले, आणि दोन वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रं जुळवून केलेलं मॉडेल असं जहाज दाखवतं जे कोणत्याच दिवशी अस्तित्वात नव्हतं. सूचनापत्रक पाळणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पुरावा वाचणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडतो.

दुसरं जहाज अजिंठ्याचं. औरंगाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अजिंठ्याची देखभाल निजामाच्या पुरातत्त्व खात्याकडे, गुलाम याझदानी यांच्या हाती होती, आणि त्यांचे अजिंठ्यावरचे ग्रंथ १९३० पासून निघाले. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचं दालन आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे: तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडं, मागे सुकाणूचं वल्हं, डेऱ्यांची रांग. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनच्या आगीत गेल्या, तरी छापील ग्रंथातून हे जहाज जगभर पोहोचलं. पण चित्र म्हणून ते जितकं सुंदर, आराखडा म्हणून तितकंच निकामी. पाण्याखालचा भाग दिसत नाही. एकच बाजू दिसते. माणसांचा आकार त्यांच्या महत्त्वाप्रमाणे आहे, मोजपट्टीप्रमाणे नाही. म्हणून माणसावरून जहाजाची लांबी काढता येत नाही.

आणि तरीही हे जहाज अलीकडेच बांधलं गेलं, पूर्ण आकाराचं. २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. ही गोदी रत्नाकर दांडेकर यांची. नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ त्यांनीच बांधली. केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. लांबी सुमारे १९.६ मीटर, रुंदी ६.५. २१ मे २०२५ रोजी कारवारला ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात सामील झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समुद्रप्रवास नाही. जहाज बांधण्याआधी मद्रास आयआयटीच्या महासागर अभियांत्रिकी विभागात त्याच्या छोट्या मॉडेलवर पाण्याच्या टाकीत चाचण्या झाल्या, ही आहे. विल्यम फ्राउडने १८७२ मध्ये टॉर्कीला टाकी बांधून जे सुरू केलं तेच इथे भित्तिचित्रासाठी वापरलं गेलं. मॉडेल हे मोठ्या जहाजाची शोभेची नक्कल असतं, ही समजूत इथे उलटी पडते. मॉडेल आधी आलं, कारण प्रश्न आधी आला.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला पहिल्यापेक्षा बराच जड वाटतो. अपुऱ्या पुराव्यावरून मॉडेल करणं म्हणजे इतिहासाच्या नावाखाली कल्पना विकणं नव्हे का? ‘कौंडिण्य’कडे नौदलाचे वास्तुविशारद होते, चाचणीची टाकी होती. घरातल्या टेबलावर एकट्याने काम करणाऱ्याकडे यातलं काही नाही. त्यापेक्षा पडताळलेल्या आराखड्याचं एखादं परदेशी किट नीट करावं, निदान खोटं तरी बोललं जाणार नाही. मराठी आरमाराच्या नावाने बाजारात आणि सत्कार-समारंभांत दिसणारी गलबतं पाहिली की हा आक्षेप घेणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांतली कित्येक पोर्तुगीज किंवा इंग्रजी जहाजांना भगवा झेंडा लावून तयार झालेली दिसतात. ‘कौंडिण्य’च्या बाबतीतही प्रामाणिकपणे पाहिलं तर फळ्या शिवलेल्या होत्या, हे अजिंठ्याचं चित्र स्वतःहून ठामपणे सांगत नाही, हिंदी महासागरातली शिवलेल्या नौकांची परंपरा, इंडोनेशियाजवळ १९९८ मध्ये सापडलेलं नवव्या शतकातलं बेलितुंगचं बुडालेलं जहाज, असे बाहेरचे दाखले जोडून तो निष्कर्ष निघतो. निष्कर्ष सबळ आहे. पण तो निष्कर्ष आहे.

याचं उत्तर या कलेच्या जुन्या इतिहासातच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमारासाठी केलेली जी १:४८ प्रमाणातली मॉडेलं ग्रिनिचला आहेत, त्यांत पाण्याखालच्या भागाला फळ्याच लावलेल्या नाहीत. आतले वांक, म्हणजे फासळ्या, उघड्या ठेवल्या आहेत. पाहणाऱ्याने बांधणी पाहावी म्हणून. हीच रीत उलट्या कामासाठी का वापरू नये? जिथे पुरावा आहे तिथे फळी लावावी, जिथे फक्त अंदाज आहे तिथे ती लावूच नये, किंवा वेगळ्या रंगाच्या लाकडाची लावावी. एक बाजू पूर्ण, दुसरी उघडी. जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी करणारे नवा भाग जवळून पाहिल्यावर ओळखू येईल असा ठेवतात, ती शिस्त इथेही आणता येते. असं मॉडेल सत्काराच्या व्यासपीठावर शोभणार नाही. पण ते खोटं बोलणार नाही, आणि किटपेक्षा अधिक खरं बोलेल. कारण किटच्या आराखड्यातही अंदाज असतातच, फक्त ते कारखान्यात झालेले असतात आणि गुळगुळीत छापलेले असतात. ‘गोल्डन हाइंड’चं एकही समकालीन रेखाटन आराखडा म्हणून उपलब्ध नसताना तिची किती किटं निघाली!

यंत्राचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. लेझरने फळ्या कापून मिळतात, त्रिमितीय मुद्रणातून तोफा छापून येतात, मग हाताने करायचं ते काय? छपाईयंत्राला रेखाटन लागतं, रेखाटनाला निर्णय लागतो. यंत्राने हाताचा वेळ वाचवला तर तो निर्णयावर खर्च करावा. ज्याचं बोट थरथरतं त्याने बारा एकसारख्या तोफा छापून घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. दोरांची बांधणी मात्र अजून तरी कोणतंही यंत्र करून देत नाही.

खर्चाबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे तारनाक्याला खरा फायदा आहे आणि तो फारसा घेतला जात नाही. आयात केलेल्या मोठ्या लाकडी किटची किंमत निवृत्तिवेतनातून काढणं अवघड. पण त्यातलं लाकूड हीच काही दैवी वस्तू नव्हे. नागपूरच्या महामार्गावरचं निर्मळ आपल्या रंगीत लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर पोनिकी नावाचं हलकं, मऊ लाकूड वापरतात, जसं सावंतवाडीचे पांगारा वापरतात. अखंड ठोकळ्यातून जहाजाचं अंग कोरायला आणि आडव्या फळ्यांमधली पोकळी भरायला हे उत्तम. बाहेरच्या फळ्यांना किंवा खुंट्यांना मात्र ते चालणार नाही, कड धरत नाही. त्या जागी हेदू, ज्याला हळदूही म्हणतात, बारीक पोताचं, फिकट पिवळं, एकसारखं. सागाचा मोह टाळावा, हे सांगताना अनेकांना वाईट वाटेल. मुंबईच्या वाडिया कारागिरांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ सागाची असल्यामुळेच आज हार्टलपूलला उभी आहे. पण खऱ्या जहाजाचं लाकूड मॉडेलला चालत नाही. सागाचं एक छिद्र ०.३ मिलिमीटरपर्यंत असू शकतं. १:४८ प्रमाणात ते दीड सेंटिमीटरच्या भोकासारखं दिसतं, आणि सगळी फळी वाळवी लागल्यासारखी. फळ्या लावायचं काम दिवाळी ते शिवरात्र या काळात करावं, हवा फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही तेव्हा. मे महिन्यात लावलेल्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना ढकलून उचलतात. ऑगस्टमध्ये लावलेल्या उन्हाळ्यात फटी सोडतात. आणि पहिल्या मोसमात मोठ्या जहाजाला हातच लावू नये. एखादा मचवा करावा, १:२४ प्रमाणात, हात आणि क्रम दोन्ही जाग्यावर येईपर्यंत. शिशाच्या जुन्या तोफा हातमोजे घालून वेगळ्या काढाव्यात आणि नव्या मॉडेलवर कधीच बसवू नयेत.

राहिला शेवटचा आक्षेप, जो घरातूनच येतो: एवढा विचार कशासाठी, दिवसभराच्या कटकटीनंतर जिवाला विरंगुळा म्हणून दोन फळ्या चिकटवल्या तर काय बिघडलं? काहीच नाही. विरंगुळ्यासाठी किट घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण ज्याने एकदा हे काम सोडलं आहे तो दुसऱ्यांदा फक्त विरंगुळ्यावर टिकेल, असं मला वाटत नाही. विरंगुळ्याला आता मोबाइल आहे, तो मॉडेलपेक्षा फार स्वस्त आणि फार चटकन हाताशी येतो. टिकवतो तो न सुटलेला प्रश्न.

असा प्रश्न तिसऱ्या जहाजात ठासून भरलेला आहे. मराठी आरमारातल्या आंग्र्यांच्या आणि धुळपांच्या काळातला गुराब. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी पेशव्यांशी संगनमत करून विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्याचं आरमार बंदरातच जळालं. डॉमिनिक सेरेसने नंतर इंग्लंडात बसून त्याचं चित्र काढलं, ते ती जहाजं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं नव्हे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीकाठी खडकात कोरलेली गोदी आहे, पण तिच्यात काय उभं राहत असे त्याचा एकही आराखडा आपल्याकडे नाही. आहे ते इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मचं अठराव्या शतकातलं वर्णन, आणि ते नवल वाटावं इतकं नेमकं आहे. दोन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे दीडशे टनांचे, तीन डोलकाठ्यांचे तीनशेपर्यंत. पाण्यात उथळ, लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळते होत जाणारे, आणि नाळेच्या जागी भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजासारखं पुढे आलेलं लांब टोक. त्या टोकावरचा तक्ता, म्हणजे डेक, मुख्य तक्त्याच्या पातळीतच, पण मध्ये भिंत. भिंतीतल्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा थेट टोकावरून पुढे मारा करणाऱ्या. आणि ऑर्म सांगतो, की समोरून लाटा आल्या की हे जहाज पुढून फार आपटतं, म्हणून टोकाच्या तक्त्याला कठडाच नसतो; आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी निघून जावं.

या एका वर्णनात मॉडेलकाराला तपासता येतील अशा दोन गोष्टी आहेत. तोफेची नळी झरोक्यातून बाहेर येऊन टोकावरून मारा करायची, तर टोक किती चढं असू शकतं, हे कागदावर रेघ ओढून ठरतं. आज दिसणाऱ्या कित्येक गुराबांची नाळ इतकी उंच वळलेली असते की पहिला गोळा स्वतःच्याच लाकडात बसेल. दुसरी गोष्ट पाण्यात ठरते. १:२४ प्रमाणात, पोनिकीचं अंग आणि हेदूच्या फळ्या, योग्य वजन योग्य उंचीवर. मग फ्राउडच्या नियमाने लाटही त्याच प्रमाणात लहान करून समोरून सोडायची. त्यासाठी लांबट हौद पुरतो. मॉडेल ऑर्मने सांगितल्यासारखं पुढून आपटलं, तर अंगाचा काढलेला आकार निदान अशक्य नाही. शांतपणे लाट चढून गेलं, तर पुढचा भाग गरजेपेक्षा भरीव झाला आहे. तो तासून पुन्हा पाण्यात सोडायचा, आणि प्रत्येक तासणीची जाडी तारखेसह वहीत लिहायची.